लाखावर एक पान

ईरप्पा मापाडी सोलापूरच्या अडत बाजारात आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक घोंगडं होतं आणि अंगात मोजायची खोड होती. घोंगडं पुढं उंदरांनी खाल्लं. खोड मात्र वाढत गेली.

त्याचा जन्म मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातला. तिथली ज्वारी थंडीच्या दिवसांत अशी दाट उभी राहते, की आत शिरलेल्या माणसाचं नुसतं पागोटं वरून तरंगत जाताना दिसावं. पोरवयात बाप त्याला पाखरं राखायला मचाणासारख्या माळ्यावर बसवायचा आणि हातात गोफण द्यायचा. ईरप्पा गोफण मांडीवर ठेवून पाखरं मोजत बसायचा. थव्यात किती आली, किती उडाली, उरलेल्यांचे सारखे दोन वाटे पडतील का. बाप खालून ओरडायचा, "आरं, पाखरं किती हायती ते नगं सांगू, कणसं किती ऱ्हायली ते सांग!"

अशा माणसाला शेती काय मानवणार? तो सोलापूरला आला, बाजारात काट्याशी उभा राहिला, आणि तिथंच त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. पोतं काट्यावर चढलं की त्याचा आवाज घुमायचा, "लाभ! दोन! तीन!" आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, म्हणजे धान्य पुरतं. आणि सगळं मोजून झालं की वर एक ओंजळ घालायची, ती देणाऱ्याच्या मनाची. ईरप्पाचा धर्म एवढाच होता. देताना वर एक घालायचं. घेताना एक दाणा जास्त घ्यायचा नाही. बाकी पूजाअर्चा बायको निंगव्वा बघायची.

आकडे त्याला माणसांसारखे दिसायचे. साठ हा त्याला एखाद्या दिलदार पाटलासारखा वाटे. दोघं या, तिघं या, चौघं, पाच जण, सहा जण या, बारा जण या, साठ सगळ्यांना सारखं वाढून हसत उभा. सदतीस म्हणजे तिरसट म्हातारा, दाराला आतून कडी. बाजारातून घरी येताना तो वाटेतल्या आकड्यांशी असा बोलत यायचा, की लोक त्याला वाट द्यायचे. निंगव्वा ही अक्कलकोटकडची, तिखट जिभेची. ती शेजारणींना सांगायची, "यव्वा, ताटात भाकरी वाढली तर ह्ये आधी तिचं वाटं किती पडत्याल ते सांगत्यात. तवर कालवण गार."

त्याची गल्ली बाजाराच्या मागं होती. हमाल, मापाडी, गिरणीत जाणारे, भाजी विकणाऱ्या बाया, अशी कष्टाची वस्ती. गल्लीच्या तोंडाशी महादेवाचं लहानसं देऊळ आणि त्याच्यापुढं चार पायऱ्या. गल्लीत घरं किती, असं कुणी विचारलं तर ईरप्पा ठासून सांगायचा, दहा. होती अकरा. अकरावं दार मथुराबाईचं. ती कडक भाकऱ्या करून विकायची. ते दार ईरप्पा मोजत नसे, आणि त्याचं कारण जरा पुढं येतं.

पंचाहत्तर सालचा श्रावण जवळ आला. बहात्तरचा दुष्काळ अजून लोकांच्या बोलण्यात होता, पण विहिरींना पाणी होतं आणि बेलाची झाडं पानांनी नुसती लगडली होती. गल्ली दर श्रावणात महादेवाला लाखोली वाहायची, म्हणजे महिनाभरात लाख बेलपानं. आदल्या वर्षी ती कुणी मोजली नव्हती. त्यामुळं शेवटच्या सोमवारी फुलाबाई भाजीवाली म्हणाली, निम्मी पानं तर माझ्याच घरची. त्यावर दुसरी म्हणाली, तुझ्या टोपलीत पानं कमी आणि काटक्या जास्त. मग देवळातच टोपल्या उडाल्या. महादेवाच्या डोक्यावर एक पालथी टोपली तासभर राहिली, कारण ती उचलायची कुणी यावरही भांडण होतं.

म्हणून यंदा श्रावण लागायच्या आधी सगळे देवळापुढं जमले. पुजारी वीरभद्रय्या स्वामी ताम्हन घेऊन बसले. ईरप्पा पायरीवर चढला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "औंदा समदं मोजून. घराला वाटा सारखा. एक पान कुणाचं कमी न्हाय, कुणाचं जास्त न्हाय. हिकडचं पान तिकडं झालं, तर शेवटच्या सोमवारी ह्याच पायरीवर पागोटं ठेवीन, आन पुन्हा जल्मात कायबी मोजणार न्हाय!"

ईरप्पानं मोजायचं सोडायचं म्हणजे कोंबड्यानं आरवायचं सोडायचं. निंगव्वानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, कारण नवऱ्याच्या शपथा तिला ठाऊक होत्या. तो मोडत नसे.

स्वामींनी पळीत पाणी घेतलं. "संकल्प कितीचा सोडू?"

"लाख," ईरप्पा म्हणाला. आणि मग जन्मभराच्या सवयीनं, काट्यावर वरची ओंजळ घालावी तसं, त्याच्या तोंडून गेलं, "लाखावर एक."

पाणी ताम्हनात पडलं. एक लाख एक पानांचा संकल्प झाला. देवाला दिलेला शब्द परत घेता येत नाही.

पहिल्यांदा हरिबाच्या ध्यानात आलं. हरिबा हमाल, ईरप्पाच्याच काट्यावर पोती वाहायचा आणि शेजारीच राहायचा. तो म्हणाला, "अण्णा, दहा घरं. घराला दहा हजार. झालं लाख. मग वरचं एक कुणाचं?"

"माजं!" फुलाबाई म्हणाली.

"का गं, तुजं का? माजं!"

"मानाचं पान हाय त्ये, थोरल्या घराचं!"

ईरप्पानं हात वर केला. "कुणाचंच न्हाय. तेबी सारखं वाटायचं."

"एक पान दहा घरांत?" फुलाबाई म्हणाली. "चटणी करून का?"

लोक हसले आणि घरोघर गेले. ईरप्पा हसला नाही. तो पायरीवरच बसून राहिला, कारण तो आकडा त्याच्यापुढं येऊन उभा राहिला होता. अलीकडं एक, पलीकडं एक, आणि मधे चार शून्यं. डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. दोन राखणदार आणि मधे मोकळं रान. इतका देखणा आकडा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. आणि इतका हट्टीही.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात काट्यापाशी कोळशाच्या भागाकारांनी जमीन काळी व्हायला लागली. दोन लावले, एक उरलं. चार लावले, एक उरलं. पाच, आठ, दहा, सगळ्यांना एकच उरायचं, बोट दाखवून हसल्यासारखं. तीन आणि नऊ लावले की दोन उरायची. सहा लावले की पाच. सात लावले की सहा. मग त्याला वाटलं, शेजारच्या गल्लीतली दोन-चार घरं उसनी घेऊ. बारा लावले, पाच उरली. तेरा लावले, पाच. चौदा लावले, तेरा उरली!

"एका पानासाठी अडलं रं!" तो ओरडला. "चौदाला एकच पान कमी पडलं!"

"अण्णा, हे पोतं उतरू का खांद्यावरच ठेवू?" हरिबानं विचारलं. तो केव्हाचा काट्याशी शंभर किलो घेऊन उभा होता.

पण आकडा जसा अडवत होता तसा नादही लावत होता. एके दुपारी ईरप्पाला त्याचं एक भलतंच अंग सापडलं, आणि तो काट्यावरून उडीच मारून खाली आला. "हरिबा! कुठलाबी पाच आकडी आकडा सांग. डोळं मिटून ह्याच्यानं गुणून दावतो."

"सत्तावन्न हजार तीनशे अठ्ठावीस," हरिबानं मनाला येईल ते सांगितलं.

ईरप्पानं डोळे मिटले आणि गाणं म्हटल्यासारखं म्हणाला, "पाच सात तीन दोन आठ, पाच सात तीन दोन आठ! बग, तोच पुन्हा शेजारी येऊन उभा. जुळं! कुठलाबी घाल, जुळंच भाईर पडतंय!"

हमालांना हे फार आवडलं. ते पोती टाकून आकडे सांगायला लागले. आकडा आत घालायचा, ईरप्पा जुळं काढायचा. ज्याला गुणाकार येत होता त्यानं कोळशानं पडताळून पाहिलं, आणि बरोबर आलं की सगळे आरोळी ठोकायचे. अडत्या बाहेर येऊन बघतो तर काटा रिकामा आणि अर्धा बाजार जुळी मोजतोय.

"समदं खरं," हरिबा म्हणाला, "पर पानं कशी वाटायची ते सांग."

तेवढ्यावर ईरप्पाचं तोंड उतरलं.

ते वेड गल्लीतही शिरलं. फुलाबाई भाजीच्या पाटीत वांगी मांडून वाटे पाडून बघायची. गिरणीतले दोघं भोंगा व्हायच्या आत भिंतीवर खडूनं भागाकार करायचे. सगळ्यांनी सगळे आकडे लावून पाहिले. फक्त एक आकडा कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. तो ईरप्पाच्या तोंडून निघाल्याशिवाय कुणी काढणार नव्हतं.

आणि खरी गोष्ट अशी, की ईरप्पाला तो पहिल्याच दिवशी, पायरीवर बसल्या बसल्याच कळला होता. बाजारातल्या एका म्हाताऱ्या मापाड्यानं त्याला फार पूर्वी एक खूण शिकवली होती. आकड्यातला एक आड एक अंक घ्यायचा, दोन बेरजा करायच्या. दोन्ही सारख्या आल्या की अकरानं सरळ तुटतो. एक लाख एकला हे करायला डोळ्याची पापणी लवावी तेवढाही वेळ लागत नाही. इकडं एक, तिकडं एक. सारखं. अकरा.

ते कळलं तसं त्यानं मनाच्या कोपऱ्यात ढकललं, त्यावर पोतं टाकलं, आणि बारा, तेरा, चौदा घेऊन पळत सुटला.

निंगव्वानं मात्र ते पोतं उचललं. संध्याकाळी चुलीपुढं बसली असताना ती म्हणाली, "अवो, दहा झालं, बारा झालं. मधलं कुटं गेलं?"

"कुठलं मधलं?"

"दहा आन बाराच्या मधलं. मला तुमच्यासारकं मोजता येत न्हाय, पर एवढं येतंय."

ईरप्पा भाकरीकडं बघत राहिला. तिचे वाटे पाडायचं त्याला सुचलं नाही.

आता ते कारण सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं, दाक्षायणीचं लग्न झालं, तेव्हा वऱ्हाडासाठी कडक भाकऱ्या मथुराबाईनं केल्या होत्या. पापडासारख्या पातळ, बोटानं टिचकी मारली तर वाजतील अशा. पाचशे ठरल्या होत्या. तिनं माया म्हणून वर एक घातली. ईरप्पानं व्याह्यांच्या देखत थप्प्या मोजल्या, आणि मापाड्याच्या आवाजात ओरडला, "एक जास्त आली! मथुराक्का, मोजायला येत न्हाय व्हय तुमाला?" घेताना एक दाणा जास्त घ्यायचा नाही, हा त्याचा धर्म. त्यानं ती भाकरी तिच्या हातात परत ठेवली. मथुराबाई भाकरी घेऊन मांडवातून तशीच घरी गेली. त्यानंतर जिथं ईरप्पा तिथं ती नाही, आणि ईरप्पाच्या मोजणीत तिचं दार नाही.

"तिच्या दारात मी जाणार न्हाय," ईरप्पा म्हणाला.

"नगा जाऊ," निंगव्वा म्हणाली. "मग पागोट्याला खुंटी कशाला ठेवू? काढूनच टाकते."

ईरप्पानं आधी दुसरे अकरा शोधून पाहिले. तो स्वामींकडं गेला. "स्वामी, तुमीच अकरावं घर व्हा की."

स्वामी म्हणाले, "मी वाहणारा हात आहे ईरप्पा. हाताला वेगळा वाटा असतो का?"

मग तो हरिबाकडं गेला. हरिबा आणि त्याचा भाऊ एकत्र राहायचे. "हरिबा, म्हैनाभर तुमी दोघं भाऊ येगळं व्हा. दोन चुली मांडा. श्रावण झाला की पुन्हा एक व्हा."

"अण्णा, एका पानासाठी माजं घर फोडतूस व्हय?" हरिबा म्हणाला. पण आतून त्याची बायको धावत आली. तिचा चेहरा उजळला होता. "कवा मांडायची दुसरी चूल? आजच मांडते!" भावजय आतून म्हणाली, "मांड, मांड, पर परात माजी हाय!" हरिबानं ईरप्पाला हाताला धरून बाहेर काढला आणि दार लावून घेतलं. आतल्या परातीचा आवाज बराच वेळ येत होता.

तेव्हा दुसरा काही मार्ग राहिला नाही.

मथुराबाई तव्यापुढं बसली होती. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्याशी उभी करायची, कडा वाजायला लागल्या की फिरवायची, असं तिचं चाललं होतं. उंबऱ्याशी सावली पडली तसं तिनं वर न बघताच म्हटलं, "कोण? मोजणारं आलं व्हय?"

"मथुराक्का, बेल पायजे," ईरप्पा म्हणाला.

"बाजारात ढिगानं पडलाय."

"तुमच्या घरचा पायजे."

"माजं घर?" मथुराबाईनं आता वर बघितलं. "गल्लीत दहाच घरं हायती म्हणं. समद्या सोलापुरात सांगत फिरतूस. मग मी कुटं ऱ्हाते? झाडावर?"

ईरप्पानं पागोटं सारखं केलं. "आकडा जात न्हाय अक्का. तुमच्याबिगर जात न्हाय."

"आसं. आकडा जात न्हाय म्हणून आलास."

ईरप्पानं चुकलं म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द त्याला कधी लागलाच नव्हता, त्यामुळं तो सापडेना. मग जे त्याला येत होतं तेच तो करायला लागला. तो उंबऱ्यात उकिडवा बसला, परातीच्या कडेला सांडलेलं पीठ बोटानं पसरलं, आणि त्यात आकडा काढला.

"हे बगा. हिकडनं बगा, तिकडनं बगा. सारखाच. दोघांनी येऊ दे, चौघांनी येऊ दे, धा जणांनी येऊ दे, कुणाला दाद देत न्हाय. आतमधी दोनच हायती. एक अकरा, आन एक नऊ हजार एक्याण्णव. आन ते नऊ हजार एक्याण्णव, अक्का, काय सांगू, त्ये तर कशानंबी फुटत न्हाय! सातानं बगितलं, तेरानं बगितलं, सतरा, एकोणीस, तेवीस, एकतीस, पार नव्वदीपतोर गेलो. वज्र हाय! लाखभर पानं, आन आत जायाला दार येकच!" बोलता बोलता त्याचे डोळे चमकायला लागले, आणि आपण कुणाच्या उंबऱ्यात बसलोय हे तो विसरला. त्यानं जुळ्यांचीही गंमत सांगितली. तिला एक आकडा सांगायला लावला. जुळं काढून दाखवलं.

मथुराबाईची एक भाकरी करपली. तिच्या हातून करपलेली ती बहुधा पहिलीच. तिनं मान वाकडी करून पिठातला आकडा बघितला आणि म्हणाली, "दारावर बांदल्यासारका दिसतोय. दोन्हीकडं दोन फुलं, मदी दोरा."

"व्हय की!" ईरप्पा म्हणाला. इतकं बरोबर त्यालाही सुचलं नव्हतं.

"किती म्हणालास? माज्या वाट्याला?"

"नऊ हजार एक्याण्णव. समद्यास्नी तेवढीच."

तिनं निखारे सारले. "देईन. पर रोज न्हाय. शेवटच्या सोमवारी एकदम देईन. आन तू मोजायचं. समद्यांच्या देखत, मोठ्यानं, पान न् पान. जसं भाकऱ्या मोजल्यास तसं."

"तुमी मोजलीसा तर मला काय—"

"तू मोजायचं."

ईरप्पा हुरळून घरी आला. मोजायचंच तर होतं. निंगव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमची शपथ आता तिच्या टोपलीत जाऊन बसली." तेव्हा कुठं त्याला ते कळलं, आणि हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला.

श्रावण सरत गेला. दहा घरांचे वाटे रोजच्या रोज मोजून देवाला वाहिले जात होते. तीन दळांचं पान अखंड हवं, कीड नको, भोक नको. फुलाबाईच्या पानाला भोक निघालं तर ती म्हणायची, मघाशी नव्हतं, तुझ्या नजरेनं पडलं. पण आकडे जुळत होते. नऊ हजार एक्याण्णव, नऊ हजार एक्याण्णव, घरामागून घर पुरं होत होतं. मथुराबाईच्या दारातून ओल्या फडक्यात झाकलेली टोपली फक्त दिसायची. ईरप्पा तिच्या दारावरून जाताना मान वळवायचा नाही, पण त्याचे डोळे वळायचे. बाजारात त्याची मोजणी दोनदा अडखळली. हरिबानं ते बघून तोंडावर पंचा धरला.

शेवटचा सोमवार आला. सगळ्यांना उपास. गिरणीचा भोंगा झाला, उन्हं देवळाच्या पायरीवर तिरपी झाली, आणि मथुराबाई टोपली डोक्यावर घेऊन आली. चार वर्षांत ती पहिल्यांदाच देवळापुढं सगळ्यांमधे आली होती. बायांनी सरकून जागा दिली. तिनं टोपली ईरप्पापुढं ठेवली, फडकं काढलं, आणि हात लुगड्याच्या घोळात घेऊन खांबाला टेकून उभी राहिली.

"मोज."

ईरप्पा बसला. पाच-पाच पानं उचलायची, स्वामींच्या परातीत टाकायची, वीस उचली झाल्या की शंभर, शंभराला एक चिंचोका. त्यानं पहिली उचल हातात घेतली आणि आवाज काढला.

"लाभ!"

"लाभ!" हरिबा उगाच ओरडला.

"दोन! तीन! चार!"

पहिली हजार होईपर्यंत लोक शांत होते. मग भुकेल्या पोटी ताल धरला गेला. ईरप्पा म्हणायचा "पाच!" आणि गल्ली म्हणायची "पाच!" तो "सहा!" ही "सहा!" कुणी टाळ आणले. फुलाबाईनं पाटी पालथी घालून वाजवायला घेतली. ईरप्पाचे हात इतके चालायला लागले, की पानं परातीत पडतायत की उडतायत ते कळेना. चिंचोके वाढत गेले. चार हजार झाले तेव्हा शेजारच्या गल्लीतले लोक काय झालं म्हणून बघायला आले आणि तेही ओरडायला लागले. सात हजाराला हरिबा मधेच उठून नाचला. त्याची बायको म्हणाली, "उपास हाय, पडशील!" तो म्हणाला, "पडलो तर मोज!" महादेवाच्या पुढ्यात हिरवा डोंगर उभा राहिला होता, आणि ईरप्पाला वाटत होतं, की आपण पुन्हा त्या माळ्यावर बसलोय, पाखरांचा थवा उतरतोय, उतरतोय, संपतच नाही.

नव्वद चिंचोके झाले. नऊ हजार. आता प्रत्येक उचल सगळी गल्ली छातीवर हात ठेवून म्हणत होती. सोळा. सतरा. अठरा.

नऊ हजार नव्वद.

ईरप्पानं शेवटच्या एका पानासाठी हात टोपलीत घातला. हात तळाला लागला. त्यानं तळ चाचपला. टोपली उचलून उलटी केली, झटकली. एक काडी पडली.

टाळ थांबले. फुलाबाईचा हात पाटीवर तसाच राहिला.

ईरप्पाचं मोजणं कधी चुकत नाही, हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. एक पान कमी होतं, आणि ते कुणाच्या टोपलीत कमी होतं हेही उघड होतं. मापाड्याचा तो आवाज त्याच्या गळ्यात आपोआप भरून आला. एक कमी! एवढे दोनच शब्द. ते म्हटले असते तर निदान त्याची मोजणी खरी ठरली असती.

त्यानं वर बघितलं. मथुराबाई खांबाला टेकून त्याच्याकडंच बघत होती. तिचा चेहरा अगदी कोरा होता.

ईरप्पानं गळ्यातला आवाज गिळला.

"माजं चुकलं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की मागच्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मग तो मोठ्यानं म्हणाला, "मोजताना माजं चुकलं! एक उचल सहाची झाली आसंल. अक्काची टोपली बरोबर हाय."

"मग पुन्हा मोज," स्वामी म्हणाले.

"न्हाय स्वामी. ज्याचं चुकतंय त्यानं मोजू नये. मी बोललो हुतो." आणि त्यानं दोन्ही हातांनी पागोटं काढलं आणि पायरीवर ठेवलं. खाली त्याचं टक्कल उन्हात चकाकलं. ते निंगव्वाशिवाय गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. निंगव्वा "शिवा शिवा" म्हणत पुढं आली.

"थांब, थांब!" मथुराबाई म्हणाली.

तिनं लुगड्याच्या घोळातून मूठ बाहेर काढली. ती मूठ तिनं खांबाला टेकल्यापासून उघडली नव्हती. आत एक बेलपान होतं, घामानं ओलं झालेलं, कडांना मुडपलेलं, पण तिन्ही दळं शाबूत.

"टोपलीत नऊ हजार नव्वदच हुती," ती म्हणाली. "तुजं काय चुकलं न्हाय. हे मी काढून ठेवलं. मला वाटलं, एक कमी म्हणून तू आता वरडशील, मग मी हे तुज्या तोंडावर फेकून मारीन. चार वर्सं हात शिवशिवतोय माजा." तिचा आवाज फुटला, आणि रडू फुटायच्या जागी हसू फुटलं. "आन मेल्या, तू पागोटंच काडून ठेवलंस! आता काय करू मी ह्याचं?"

मग हरिबा आधी हसला. त्याच्या मागून फुलाबाई, मग सगळी गल्ली. स्वामींच्या हातातली घंटा हसण्यानं आपोआपच वाजायला लागली.

"वाहा बाई," स्वामी कसेबसे म्हणाले. "देव केव्हाचा थांबलाय."

मथुराबाई पायऱ्या चढून आत गेली. तिनं ते पान मांडीवर ठेवून हातानं सरळ केलं, कडा उलगडल्या, आणि पालथं करून पिंडीवर ठेवलं.

"एक लाख एक!" बाहेर हरिबा ओरडला. ओरडण्याचा मान खरा ईरप्पाचा होता, पण ईरप्पाला हसू आवरत नव्हतं. तो पायरीवर बसला होता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मोजायचं म्हटलं तरी एकसुद्धा आकडा त्याला तोंडातून काढता येत नव्हता.

मथुराबाई बाहेर आली. जाताना वाकून तिनं त्याचं पागोटं उचललं, धूळ झटकली, आणि त्याच्या मांडीवर टाकलं.

"बांद आदी," ती म्हणाली. "आन ऊट. समद्यास्नी भुका लागल्यात. माज्याकडनं भाकऱ्या आनायच्यात, मला एकलीला उचलत न्हाईत."